म्युझियमला मामा लागतो

करावे गाव,
गुरुवार, फेब्रुवारी १९९७

तीर्थस्वरूप वामनमामा यांस दिपेशचा साष्टांग नमस्कार (खरोखरचा, फरशीवर बसूनच लिहितोय, फक्त आडवं व्हायचं बाकी आहे).

मामा, माझं आयुष्य बदललं ते वाशीला, एका झेरॉक्सच्या दुकानात, लाइट गेली त्या क्षणी. पण ते सांगायच्या आधी तुमच्या गुडघ्याची चौकशी करायला हवी, नाहीतर आई म्हणेल, पोराने कॉलेज सोडलं तशी रीतही सोडली. (कॉलेज मी उगाच सोडलं नाही. सरांचा ताळेबंद चुकला होता आणि ते मान्य करत नव्हते. भर वर्गात कुणीतरी बाहेर जायला पाहिजे होतं, सर गेले नाहीत म्हणून मी गेलो.) तर गुडघा कसा आहे? मामीच्या कोंबड्या अंडी देतात का? आमच्याकडे सगळं क्षेम, म्हणजे बाबा माझ्याशी बोलत नाहीत, मी बाबांशी बोलत नाही आणि आईला दोघांचं मिळून बोलावं लागतं, त्याने तिचा घसा बसलाय. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुमचा फोन म्हणजे किराणावाल्याचा फोन, आणि तो माणूस निरोप द्यायच्या आधी त्यावर स्वतःचं मत देतो.

तर लाइट गेली. मशीनमध्ये क्षिप्राचा कागद अर्धा अडकला. (क्षिप्रा म्हणजे एक मुलगी. जुईनगरला तिसऱ्या मजल्यावर राहते, वडील बँकेत, मूळचे साताऱ्याकडचे, गॅलरीत दोन जास्वंदी आणि एक तुळस. कॉलेजात इतिहास घेतलाय. ही माहिती मी मुद्दाम काढलेली नाही, ती आपोआप जमत गेली.) अंधारात ती मैत्रिणीला म्हणाली, नवी मुंबईवर प्रोजेक्ट काय करणार, इथे इतिहासच नाही, सगळं काल-परवा बांधलेलं. माझं डोकं सटकलं. मी त्या अंधारात, ओळख ना पाळख, भाषणच ठोकलं. म्हटलं, तुमची सोसायटी जिथे स्कूटर लावते तिथे माझा आजा मीठ पिकवायचा, तुमच्या बागेच्या जागी आमची भातं व्हायची, आणि तुम्ही म्हणता इतिहास नाही. मामा, दुसरी कोणी असती तर चिडली असती. ही शांतपणे म्हणाली, "हे सगळं बघायला कुठे मिळेल?" मी म्हटलं, म्युझियममध्ये. कुठल्या? आमच्या गावच्या, पुढच्या महिन्यात उघडतंय. तेवढ्यात लाइट आली. ती जरा उशिरा आली असती तर मी गंमत केली म्हणून सुटलो असतो. पण लाइट आली, तिचा चेहरा दिसला, आणि त्या चेहऱ्यासमोर शब्द मागे घेणं माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

म्युझियमला जागा लागते. जागा आहे. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बाबांनी जी बिल्डिंग बांधली तिच्या तळमजल्याचा रस्त्याकडचा गाळा अजून रिकामा आहे. (तुम्ही बिल्डिंग पाहिलेली नाही. का पाहिलेली नाही त्यात आत्ता शिरत नाही.) बाबांना तो गाळा व्हिडिओ गेम पार्लरवाल्याला द्यायचाय. पार्लरवाला सोमवारी येऊन करार करणार. मी बाबांना म्हटलं, आपली भातखाचरं गेली, मिठागर गेलं, आता आपल्या नावाची एक खोली उरली, तिच्यात पोरांनी बटणं दाबून माणसं मारायची का? बाबा म्हणाले, "पार्लरवाला डिपॉझिट देतं. तुजा इतिहास काय देनार हाय?" मग म्हणाले, सोमवारच्या आत कागदावर दाखव, म्युझियम कशावर चालेल ते. गावकीसमोर दाखव. पटलं तर बघू. तेव्हापासून मी गाळ्यातच मुक्काम ठोकलाय. जेवण आई खिडकीतून देते, आणि प्रत्येक डब्याबरोबर एक उपदेश.

आधी वस्तू जमवायला घेतल्या. देवळाच्या फळ्यावर मी खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: "घरातल्या जुन्या वस्तू गाळ्यावर आणून द्याव्यात." एवढंच लिहिलं, आणि तिथेच घात झाला. हल्ली प्रत्येक टीव्हीवाला जुनं द्या नवं घ्या करतोय, शिवाय जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई गावात ठरलेली. दुपारपर्यंत गाळ्यासमोर रांग. बंद पडलेले मिक्सर, गंजलेला अँटेना, एक काळापांढरा टीव्ही (चालणारा! त्या माणसाला रंगीत हवा होता), आणि सगळ्यात पुढे मालतीबाई, फाटक्या साड्यांचं गाठोडं घेऊन. मी त्यांना इतिहास समजावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ते समदं ठीक हाय, पन घमेलं कनचं देनार, मोठं का मधलं? नाही म्हटल्यावर गावभर झालं की शिवरामच्या पोराने लोकांना फसवायचा धंदा काढलाय. बाबांना हे तीन ठिकाणांहून कळलं, तिन्ही ठिकाणी वेगवेगळं.

तरी वस्तू आल्या. मीठ ओढायची लांब दांड्याची लाकडी फळी आली, आजीच्या लग्नातली पितळी परात आली (ती आईने डब्यासारखीच खिडकीतून दिली, फक्त उपदेशाशिवाय), आणि गोटीरामदादाने आपला पाग दिला. फेकायचं जाळं, त्याच्या बापाने विणलेलं, शिशाच्या मण्यांसकट. म्युझियमची सगळ्यात देखणी वस्तू. फक्त एक अडचण आहे, गोटीरामदादा अजून त्याच पागाने मासे मारतो. पहाटे येतो, भिंतीवरून इतिहास काढतो, खांद्यावर टाकून खाडीवर जातो आणि दुपारी ओला आणून परत खिळ्याला टांगतो. मी म्हटलं, दादा, म्युझियमची वस्तू अशी वापरत नाहीत. तो म्हणाला, मग माझ्या घरी काय म्युझियममदलं तिकीट शिजवायचं? मग मी खाली पाटी लावली: "पाग दुपारनंतर पाहावयास मिळेल."

क्षिप्रा शनिवारी आली, सकाळीच. म्हणजे पाग नव्हता, नुसता खिळा होता. मी खिळ्यावर जमेल तेवढं बोललो. सुदैवाने भरती चुकली म्हणून गोटीरामदादा लवकर परतला आणि त्याने पाग टांगला तो एका जिवंत चिंबोरीसकट. चिंबोरी खाली पडली आणि आजीच्या परातीत नांग्या वर करून उभी राहिली. मला वाटलं, संपलं, मुलगी शाकाहारी, आता जाते. ती गुडघ्यांवर बसली, तिने चिंबोरीकडे नीट बघितलं आणि विचारलं, हिला तुमच्यात काय म्हणतात, नर-मादी कसं ओळखतात, अंधाऱ्या पंधरवड्यात भरते म्हणतात ते खरं का. गोटीरामदादा सांगत गेला, ती लिहीत गेली. मामा, इतक्या जवळून आपल्या बोलण्याकडे कुणी असं बघितलेलं मी आधी बघितलं नव्हतं. जाताना ती म्हणाली, हे बंद पडू देऊ नका. आता तुम्हीच सांगा, यानंतर पार्लर कसं होऊ द्यायचं?

मग काल गावकी बसली. अंदाजपत्रक मी रात्रंदिवस खपून केलं होतं: काचेची कपाटं, ट्यूबलाइट, पाट्या रंगवणाऱ्याची मजुरी, उत्पन्नात तिकीट. बाबांनी पहिलाच प्रश्न विचारला की टांगलेला पाग बघायला गावातलं कोण तिकीट काढेल. आई मागून म्हणाली, तिकीट कोण काढेल ते माहीत नाही, वास येऊ नये म्हणून मी पाग काढीन. सगळे हसले. मग आप्पांनी कागद हातात घेतला. आप्पा म्हणजे आमच्या गावच्या हळदींचे, पूजांचे, जत्रेचे खर्च तोंडपाठ बसवणारे. त्यांनी बसवलेल्या खर्चात मटण कधी कमी पडत नाही. त्यांनी माझा कागद उलटा केला, कोरी बाजू वर घेतली आणि म्हणाले, लिव. मांडव. बेंजोवाले, पागोट्यांसकट. मटन. बायांना वेगळं जेवन. पुढाऱ्याचा हार. मी लिहीत गेलो, कारण आप्पा सांगतात तेव्हा हात आपोआप लिहितो. तळाशी आलो तेव्हा म्युझियमसाठी उरलं होतं एक कुलूप आणि उदबत्त्यांचा पुडा. मी ताडकन उठलो. म्हटलं, आप्पा, ही हळद नाही, उद्घाटन एक दिवस आहे, म्युझियम रोज उघडं राहणार. आप्पा थंडपणे म्हणाले, "रोज कोन येनार हाय? येतील ते मांडवातच येतील."

मी त्यांच्यावर ओरडलो, ते माझ्यावर, बेंजोवाला दोघांवर. पण मामा, तुमचा भाचा हटला नाही. मी एकेक ओळ घेऊन भांडलो. मांडव काढला, बिल्डिंगला छत आहे. पुढारी काढला, हार वाचला. मटणाच्या जागी गोटीरामदादाने त्या दिवशी पागात येतील ते सगळे मासे द्यायचं कबूल केलं. बेंजो फुकट वाजणार, बदल्यात जुना बेंजो कपाटात ठेवायचा, खाली बेंजोवाल्या मास्तरांच्या नावाची पाटी. वाचलेल्यातून दोन कपाटं झाली. बाबा कागदाकडे बघत होते आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, हसू असावं, मी शपथेवर सांगणार नाही. म्हणजे निम्मी लढाई मी जिंकलोय, उरलेली सोमवारपर्यंत जिंकतो. मला कुणाची मदत नको आहे. हे पत्र फक्त तुमची खुशाली विचारायला लिहिलं.

मामीला नमस्कार, कोंबड्यांना काळजी घ्यायला सांगा.

तुमचा,
दिपेश

ता. क. जाताना क्षिप्राचं पूर्ण वाक्य "हे बंद पडू देऊ नका, दादा" असं होतं. वर लिहिताना शेवटचा शब्द राहून गेला. ती रिक्षावाल्यालाही दादा म्हणते आणि गोटीरामलाही म्हणाली, त्यामुळे त्यात काही अर्थ नसावा. दोन दिवस मी याच्यावर विचार केला. मग गाळा झाडला. ती काहीही म्हणो, मीठ ओढायची फळी रस्त्यावर टाकवत नाही, मामा.

ता. क. २. गावकीत आणखी एक गोष्ट झाली. खर्चाची सगळी कापाकापी झाल्यावर आप्पा म्हणाले, एक ओळ कापायची नाय. मामाचा मान. टोपी, उपरणं, पहिला पाट. मी म्हटलं, म्युझियमला मामा नसतो. आप्पा म्हणाले, मामा नाय तर ते कार्य कसलं, नुसता गाळा उघडला म्हना. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग एकदम सगळे बाबांकडे बघायला लागले, कारण तुमच्या भाचीच्या, निशिगंधाताईच्या हळदीतली टोपी सगळ्यांना आठवली. मला माहीत आहे, बाबांनी आणलेली ती टोपी तुम्हाला लहान झाली होती, डब्यावर झाकण ठेवावं तशी बसली होती, लोक हसले होते, आणि तुम्ही न जेवता उरणला निघून गेलात ते गेलातच. बाबा म्हणाले, "वामन आला तं गाळा म्युझियमला. नाय आला तं सोमवारी पार्लर." त्यांना खात्री आहे तुम्ही येणार नाही. किंवा कदाचित त्यांना दुसरं कसं बोलवायचं ते येत नाही; आईचं असं म्हणणं आहे. ती काल खिडकीतून डबा देताना, घसा बसलेला असूनही, दोनदा म्हणाली.

ता. क. ३. म्हणून एक विनंती. रविवारी या. टोपी मी स्वतः आणणार आहे. डोक्याभोवती दोरा धरून माप घ्या आणि तो दोरा उरणहून इकडे येणाऱ्या कुणाच्याही हाती आजच्या आज पाठवा. लाजू नका, मामा, मोठं डोकं असणं ही काय चूक आहे.

ता. क. ४. बाहेर बाबांचा आवाज येतोय. पार्लरवाला सोमवारची वाट न बघता आजच टेप घेऊन आलाय, आत माप घ्यायचं म्हणतोय. आत्ता दारावर टकटक झाली. गोटीरामदादाचा पाग मी सकाळीच त्याच्या घरी पोचवलाय. दाराला नवीन कुलूप घेतलंय, दाबलं की लागणारं, दोन किल्ल्यांचं. एक किल्ली मघाशीच खाडीत टाकली. दुसरी या पाकिटात आहे (वजन वाढलंय, पोस्टमनने जादा मागितले तर मामीकडून घ्या). आता तुम्ही आल्याशिवाय हा गाळा ना मला उघडता येईल, ना बाबांना, ना पार्लरवाल्याला. पाकीट चिकटवतो, उठतो, त्या दोघांच्या मधून बाहेर पडतो, दार ओढून घेतो आणि कुलूप दाबतो.