खुंट्यांवरचा ग्रेट नॉर्थ रोड

स्टबिन्स कॅफे, ग्रेट नॉर्थ रोड,
फॅलोबी, १४ मार्च १९६१

ती. एडिथआत्यास,
रोलंडचा सा. न. वि. वि.

साष्टांग तूर्त कागदावरच मान्य करून घे, कारण शेजारी घासायच्या ताटांचा ढीग पडला आहे. होय, ताटांचा. मी डरहॅमचं कॉलेज सोडलं. आता तू चष्मा काढून कपाळ चोळत असशील. तो परत लाव आणि पुढे वाच.

भांडण वॉर्डनशी झालं. जेवताना माझं लक्ष कुठे असतं, असं त्याने सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, या जेवणात लक्ष घालण्यासारखं काही सापडलं की घालीन. शब्दाने शब्द वाढला आणि मी पिशवी उचलून रस्त्यावर आलो. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू, वॉर्डन नुसता निमित्ताला. खरं कारण थेल्मा. दर सुट्टीत लॉऱ्यांना हात दाखवत मी लंडनला घरी येतो, तेव्हा वाटेत या कॅफेत चहाला थांबतो. तो चहा थेल्मा ओतते. हा कॅफे तिच्या वडिलांचा, श्री. स्टबिन्सांचा.

घाई अशासाठी की सप्टेंबरअखेर गावाबाहेरून नवा रस्ता सुरू होतोय. लॉऱ्या परस्पर तिकडून जाणार, कॅफे बसणार, आणि स्टबिन्स मुलीला घेऊन स्केगनेसला भावाच्या बोर्डिंग हाउसवर कायमचे जाणार. म्हणजे तिचं मन वळवायला माझ्या हातात हा एक उन्हाळा. तो काय मी लॅटिन घोकत घालवू?

इथे भिंतीवर एक लांब फळी आहे. तिच्यावर डावीकडे लंडन, उजवीकडे एडिनबरो, आणि मधे रस्त्यावरच्या सगळ्या गावांच्या क्रमाने खुंट्या. नेहमीच्या लॉरीवाल्याचा कप त्याच्या गावाच्या खुंटीवर. डरहॅमची खुंटी मात्र रिकामी, कारण विद्यार्थी चार दिवसांचे पाहुणे, त्यांना कप द्यायचा नाही असा स्टबिन्सांचा नियम. मी आता ताटं घासतो म्हणून मला मिळाला, पण कुठे? पार लंडनच्या टोकाला. थेल्माचा मधे, फॅलोबीवर. आणि तिच्या शेजारी ग्रँटमच्या खुंटीवर कथबर्टचा, कानाला कान लावून. कथबर्ट म्हणजे कोबी-बटाटे लंडनला नेणारा एक ठोंब्या, येता-जाता उगाच शिट्टी वाजवतो. मला तो आवडत नाही.

बाबांना तूच सांग. तुझ्या पाठीचं कसं आहे? पत्र पोस्टाने नाही, लॉरीने येईल.

तुझा लोभ कॉलेजच्या हजेरीवर अवलंबून नव्हता, हे लक्षात ठेवणारा,
रोलंड


आर्चवे, लंडन
२० मार्च १९६१

चि. रोलंड यास,
अ. उ. आ. आशीर्वाद उत्तम आहेत. तुझ्याबद्दल मात्र तसं म्हणवत नाही.

तुझं पत्र मिळालं. आणून देणारा तरुण दारात टोपी हातात घेऊन उभा होता, पाय पुसल्याशिवाय आत येईना. मी त्याला चहा आणि शहाजिऱ्याचा केक दिला. त्याने दोन तुकडे खाल्ले, माझ्या खिडकीची अडकलेली कडी दुरुस्त केली आणि निघताना नाव सांगितलं. कथबर्ट. बाळा, ज्याला ठोंब्या म्हणायचं त्याच्याच खिशात ते पत्र घालायचं, ही अक्कल कॉलेजात शिकवतात की सोडल्यावर येते? सुदैवाने त्याने ते उघडलं नव्हतं. उघडायची गरजच नव्हती म्हणाला, तू भांडी घासताना सगळं मोठ्याने बोलतोस.

तुझ्या वडिलांना मी सांगितलं नाही. तू सुट्टीत रोमन रस्त्यांचा अभ्यास करणार आहेस एवढंच त्यांच्या कानावर घालणार आहे. हे खोटंही नाही. तुझ्या दारावरून जातो त्या रस्त्याखाली रोमन पलटणींनी टाकलेली खडी आहे. कॉलेजशी काय बोलायचं ते मी बघते.

नव्या रस्त्याचा एवढा धसका घेऊ नकोस. या रस्त्याची ही खोडच आहे. आगगाडी आली तेव्हा याच्यावरच्या सराया ओस पडल्या, तबेल्यांत कोंबड्या फिरू लागल्या. पुढे मोटारी आल्या आणि त्याच सरायांना पुन्हा रंग लागला. रस्ता रुसतो, बाजू बदलतो, पण जातो तिथेच. तुझ्याबद्दल मला तेवढी खात्री नाही. तू कुठे चालला आहेस?

माझ्या पाठीने पुन्हा डोकं वर काढलं आहे.

लोभ आहेच, केक मात्र पत्र आणणाऱ्याला,
एडिथआत्या


फॅलोबी, ९ जुलै १९६१

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आज साष्टांग खरोखरच घातला आहे, आणि आता जमिनीवरून उठवेनासं झालं आहे.

एक घोटाळा झाला. फळीवर फॅलोबीची दुसरी एक खुंटी आहे, थेल्माच्या कपाला लागूनच. ती रिकामी असते. शनिवारी कथबर्टने आपला कप काढताना थेल्माला काहीतरी सांगितलं आणि ती हसली. माझं डोकं फिरलं. लंडनवरचा माझा कप उचलला आणि भर गर्दीत त्या रिकाम्या खुंटीला अडकवला. मनात एवढंच की मीही आता इथलाच, मला टोकाला कशाला टांगता.

सगळ्या टेबलांवरचे काटे-चमचे थांबले. मग डाँकास्टरच्या एका म्हाताऱ्या लॉरीवाल्याने टेबलावर चमचा वाजवायला सुरुवात केली आणि मागोमाग सगळ्यांनी. स्टबिन्स तव्यावरची अंडी सोडून बाहेर आले, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा अंड्यांकडे गेले. मला काही कळेना. शेवटी कथबर्टने कोपऱ्यात नेऊन सांगितलं. त्या खुंटीवर कप टांगणं म्हणजे घरच्या मुलीला मागणी घालणं. स्टबिन्स स्वतः बेरिकचे लॉरीवाले. थेल्माची आई या कॅफेची मुलगी, आणि त्यांनी तिला अशीच मागणी घातली होती. ही गोष्ट या रस्त्यावर प्रत्येकाला ठाऊक आहे, मी सोडून.

थेल्माने रात्री माझा कप दोन बोटांत धरून परत लंडनला नेऊन टांगला, मेलेला उंदीर टाकावा तसा. म्हणाली, लंडनपासून एडिनबरोपर्यंत सगळ्यांना विचारून झालं, फक्त मला विचारायचं राहिलं. तेव्हापासून बोलत नाही. माझ्या चहात साखरेच्या जागी मीठ असतं. मी तो तसाच पितो. मलाही स्वाभिमान आहे, आता मी विचारणार नाही. ऑस्ट्रेलियाला जातो. तिथे म्हणे मेंढ्या फार आहेत.

लोभ ऑस्ट्रेलियाच्या पत्त्यावरही चालू ठेवावा,
रोलंड


आर्चवे, १६ जुलै १९६१

चि. रोलंड यास,
अ. उ. आ., आणि अभिनंदन. अभिनंदन माझ्याकडून नाही, ते इस्लिंग्टनच्या बाजारात फ्लॉवर उतरवणाऱ्या एका अनोळखी माणसाकडून. तुझं पत्र यायच्या दोन दिवस आधी त्याने मला रस्त्यात गाठून भाच्याचं लग्न कधी म्हणून विचारलं. पूर्वी लढाई जिंकली की टपालाच्या घोडागाड्या पानाफुलांनी सजवून याच रस्त्याने बातमी नेत. तुझी बातमी त्यांच्यापेक्षा लवकर पोचली. फरक एवढाच की ते आधी लढाई जिंकत.

तुझ्या शेजारच्या ग्रँटमला एक जुनी आठवण सांगतात, कथबर्टला विचार. राजा एडवर्डची राणी लिंकनजवळ वारली. त्याने तिला लंडनला आणलं आणि वाटेत जिथे जिथे मुक्काम पडला तिथे तिथे दगडी क्रूस उभा केला. ग्रँटमला, स्टॅमफर्डला, थेट लंडनपर्यंत. मी शाळेत मुलींना हा धडा शिकवायची तेव्हा एकीने विचारलं होतं, हे सगळं पाहायला ती जिवंत कुठे होती. तिला मी पूर्ण गुण दिले होते. तू तिच्याहून मोठा आहेस. सगळ्या रस्त्याला दिसेल असं काहीतरी उभारणं सोपं असतं. माणसाला समोर उभं राहून विचारणं जड जातं.

मेंढ्यांना तुझा स्वभाव सोसणार नाही. जाऊ नकोस.

लोभ इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंतच, पुढची जबाबदारी घेणार नाही,
एडिथआत्या


फॅलोबी, २ सप्टेंबर १९६१

ती. एडिथ पास्कबाईंना,
थेल्मा स्टबिन्सचा सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण आपल्या केकची आहे. कथबर्ट वाटेत खाऊन उरलेला चुरा मला देतो. लिहिण्याचं धाडस करते आहे, माफ करावं.

आपला भाचा मिठाचा चहा पितो आहे. मी कधीच साखर घालायला लागले, पण त्याने चव घेणंच सोडलं आहे. नुसता गिळतो आणि माझ्याकडे हुतात्म्यासारखा बघतो. ताटं मात्र छान घासतो.

मी रागावले ते विचारलं नाही म्हणून, हे खरं. पण दुसरंही एक आहे आणि ते त्याला सांगू नका. माझा जन्म या रस्त्यावरचा. बेरिकच्या, न्यूकॅसलच्या, लंडनच्या माणसांना चहा ओतत मोठी झाले. कुठल्या गावाला कुठला पूल, कुठे धुकं पडतं, सगळं मला पाठ आहे. आणि ग्रँटमच्या पलीकडे मी कधी गेले नाही. रस्ता सगळ्यांना कुठेतरी घेऊन गेला, आमच्या घरापुढे मात्र नुसता गेला. आता गाव सोडायचंच आहे तर बाबा स्केगनेसला नेणार, म्हणजे रस्ता सोडून समुद्राकडे. आणि हा शहाणा दोन्ही टोकं पाहून आला आणि आपला कप आणून टांगला कुठे? जिथून मला निघायचं आहे, नेमका तिथे. माझा कप कुठे असावा हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही. बाबांनी नाही, त्यानेही नाही.

आपल्या पाठीला आराम पडो. केक थोडा जास्त पाठवला तर माझ्यापर्यंत तुकडा पोचेल.

ओळख नसतानाही लोभ असू द्यावा,
थेल्मा


आर्चवे, ८ सप्टेंबर १९६१

चि. रोलंड यास,
अ. उ. आ. पाठ दुखते, म्हणून थोडक्यात.

विचारायला शब्द सापडत नसतील तर कपापासून सुरुवात कर. तुझा कुठे टांगायचा हे तू ठरवून झालं, आणि त्याचं काय झालं तेही पाहिलंस. तिचा कप तिला कुठे टांगावासा वाटतो, हे विचारलंस का कधी? उत्तर ऐकून घेताना मधे बोलू नकोस. तुझा वॉर्डनही हेच म्हणत असावा.

आणि चहाची चव घेऊन बघ.

लोभ वाढतो आहे, धीर मात्र संपत आला,
एडिथआत्या


फॅलोबी, २९ सप्टेंबर १९६१

ती. एडिथआत्यास,
सा. न. वि. वि. चहात साखर होती. कधीपासून होती देव जाणे.

काल नवा रस्ता उघडला. बँड वाजला, कोणी साहेबाने फीत कापली, आणि इथे दारातली धूळ खाली बसली. स्टबिन्सांनी सवयीने बेकन तळलं, ते तसंच राहिलं. सकाळपासून एक लॉरी फिरकली नाही. शेतापलीकडून नव्या रस्त्याचा आवाज येत होता आणि आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता पुसलेली टेबलं पुसत होतो.

मी भाषण तयार ठेवलं होतं, रोमन लोकांपासून सुरू होणारं. ते एकदम विसरलो आणि तुझाच प्रश्न तोंडातून निघाला. थेल्माने हातातलं फडकं टेबलावर टाकलं. मग एप्रनला हात पुसले, स्टूल ओढलं आणि आपला कप काढला. डावीकडे गेली आणि लंडनवरचा माझा काढला. मला वाटलं, झालं, दोन्ही कप स्केगनेसच्या खोक्यात. पण ती दोन्ही हातांत दोन कप घेऊन फळीच्या कडेने निघाली. स्टॅमफर्ड गेलं, स्वतःचं गाव गेलं, नेवर्क, डाँकास्टर गेलं. मी मधे बोललो नाही, तुझी शपथ. मला वाटलं थेट एडिनबरो गाठते. ती डरहॅमला थांबली आणि दोन्ही कप त्या एकाच खुंटीला अडकवले.

म्हणाली, हे कोणाचंच नसलेलं गाव आपलं म्हणायला बरं आहे. मी सुरू केलेलं शिक्षण संपवावं, अर्धवट गोष्टी तिला ताटावरही आवडत नाहीत. चहा पिणारी माणसं डरहॅमलाही असतील, तिला काम मिळेल. रविवारी एडिनबरोची बस पकडायची, सुट्टीत लंडनची. मग मी नीट, समोर उभं राहून विचारलं. काय विचारलं आणि ती काय म्हणाली ते तुला सांगणार नाही, या खेपेला बातमी रस्त्याला द्यायची नाही असं ठरलं आहे. एवढंच सांगतो की आतून स्टबिन्सांचा आवाज आला, त्या खुंटीला दोन कप पेलायचे नाहीत. आणि ते हातोडी घेऊन बाहेर आले.

संध्याकाळी कथबर्ट नवा रस्ता सोडून शेताच्या वाटेने आला. तिकडे सगळं गुळगुळीत आहे, फक्त चहा नाही म्हणाला. माणूस चांगला आहे, हे मी पूर्वीपासून म्हणत आलो आहे. पत्र त्याच्याजवळच देतो, उघडं.

पण आत्या, कॉलेज मला घेईल का? जेवणाबद्दल मी जे बोललो ते पूर्ण तुला कळवलेलं नाही. थेल्माने कप टांगून टाकला आहे. दार बंद निघालं तर तिला कुठल्या तोंडाने सांगू?

लोभ असेलच. या खेपेला थोडी युक्तीही असू दे,
रोलंड


आर्चवे, ३ ऑक्टोबर १९६१

चि. रोलंड यास, आणि चि. सौ. कां. थेल्मा हिला,
अ. उ. आ., दोघांत वाटून घ्यावेत.

केक सबंध पाठवते आहे. कथबर्टला वेगळा दिला आहे. थेल्मा, माझ्या स्वयंपाकघरातही त्याने दोन खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत, म्हणजे रस्त्याचं हे टोक तयार आहे.

रोलंड, तुझ्या वडिलांना तू कॉलेज सोडल्याचं कधी कळलं नाही. आता ते कळवायचं कारणही उरलेलं नाही. कॉलेजला मी मार्चमध्येच लिहिलं होतं की माझी पाठ फार बिघडली आहे, सेवेला भाच्याशिवाय कोणी नाही, तरी त्याला या सत्रापर्यंत रजा द्यावी. त्यांनी दिली. वॉर्डनने सहानुभूतीचं सुंदर पत्र पाठवलं, त्यात जेवणाचा उल्लेख नाही. तुम्ही लोक उन्हाळाभर रेंगाळलात, मला दर महिन्याला दुखणं वाढवावं लागलं.

आज त्यांना कळवलं आहे की पाठ एकाएकी पूर्ण बरी झाली आणि मुलगा सोमवारी येतो आहे. कोणी विचारलं तर लक्षात असू दे, माझी शुश्रूषा तू फार मन लावून केलीस.

लोभ होता तसाच, फक्त आता दोन कपांत ओतते आहे,
एडिथआत्या