ताईच्या प्रयोगशाळेची तपासणी

४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. आ.

आमचं कॉलेज तपासायला येणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकन समितीच्या यादीत तुझं नाव वाचलं, तेही अध्यक्षपदी! प्राचार्य दिवसभर तुझ्या नावाचा जप करत होते. तू माझी बहीण हे त्यांना ठाऊक नाही, मी सांगितलंही नाही. ब्युरेट धरायला तुला मी शिकवलं, आणि आता तू मागे दोन माणसं घेऊन माझा गळका नळ बघायला येणार? जळफळाट होतोय माझा. संशोधन केंद्राची मान्यता गेली तर माझ्या तिन्ही विद्यार्थिनींना दुसरं कॉलेज शोधावं लागेल. तू आलीस तर कदाचित ती वाचेलही, तरीही तू येऊ नकोस.

लोभ आहेच, सध्या जरा आंबट आहे.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न.

तुझं पत्र यायच्या आधीच मी नाव मागे घेतलंय. नात्यातलं माणूस असेल त्या कॉलेजात जायचं नाही, असा नियमच आहे. माझ्या जागी येणारे सर कडक आहेत, पण सरळ आहेत. नळ तेवढा दुरुस्त करून घे. मी तर कित्येक वर्षांत स्वतःच्या हाताने प्रयोग केलेला नाही, नुसती दुसऱ्यांची टेबलं बघत फिरते. आणि तू माझ्यावर जळतेस? कमाल आहे!

लोभ आंबट असला तरी पाठवत जा.

तुझी ठकू

२ मार्च

चि. ठकूस,
अ. आ.

मी सांगायच्या आत माघार घेऊन मोकळी! तुला नको म्हणायचं सुखही मिळू दिलं नाहीस.

समिती काल येऊन गेली. फसलेल्या प्रयोगांचे तक्ते आम्ही भिंतीवर लावतो, ते काढा म्हणून प्राचार्य मागे लागले होते. मी नाही काढले. तुझे सर नेमके तिथेच थांबले. मग आम्हा शिक्षकांना बाहेर काढून तिन्ही मुलींशी बोलले. मुली हसत बाहेर आल्या आणि एक अक्षर सांगायला तयार नाहीत. माझा जीव टांगणीला लागलाय.

लोभाचं निकालानंतर बघू.

ताई

२० मार्च

ति. ताईस,
सा. न.

निकाल आज जाहीर झाला, म्हणून आता लिहिते. मान्यता कायम! सर भेटले होते. फसलेले प्रयोग भिंतीवर कशाला, असं त्यांनी मुलींना विचारलं. मुली म्हणाल्या, मॅडमच्या धाकट्या बहिणीने परीक्षेत शेजारणीचं रीडिंग उतरवलं नाही, आपलं चुकलेलंच लिहिलं आणि नापास झाली. मॅडम दरवर्षी ही गोष्ट सांगतात, आणि ‘मला हे जमलं नसतं’ असं म्हणतात.

नापास झाले तेव्हा तू माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हतीस, ताई. मला त्या मुलींचा फार हेवा वाटला. त्यांना दरवर्षी सांगतेस ते मला एकदाही म्हणाली नाहीस.

लोभ असाच माझ्यापर्यंतही येऊ दे.

तुझी ठकू