अक्काचा मंगळवार

९ नोव्हेंबर, रविवार
धुळ्याहून परत. भाचीचा साखरपुडा. पंगतीत अक्काने पुन्हा तेच काढलं, सगळ्यांसमोर. "माय गयी तव्हा मी याले मंगयवारे फोन करा व्हता. बाजारना दिन. हाऊ गुरवारे उना!" निरोप मंगळवारी, मी आलो गुरुवारी. लोक हसले. मीही. बावीस वर्षं हसतोय.
मोठी बहीण, चौऱ्याहत्तरची. बोलू द्यावं. पण येताना बसमध्ये पारोळ्यापर्यंत उभा होतो, पाठ गेली, आणि तेच वाक्य डोक्यात.

१० नोव्हें., सोम.
२००३ ची रोजनिशी शोधून पेपरच्या ऑफिसात आणली. पान २२ जानेवारी : "गावाहून अक्काचा फोन, बूथवरून. आईला बरं नाही, ये म्हणाली." आई २३ ला पहाटे गेली, दाखल्यावर तेच आहे. मी २३ च्या पहिल्या बसने निघालो. साक्रीहून पुढे जीप. पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसलेली.
म्हणजे निरोप मिळाल्यावर एक रात्र मध्ये. त्यात काय करणार होतो?
पाचोऱ्याचा वार्ताहर वार एक लिहितो, तारीख दुसरीच. त्याच्या बातम्या तपासायला तारखेचा वार सांगणारी जी कमांड कॉम्प्युटरवर मारतो, तीच मारली.
date -d 2003-01-22 +%A
Wednesday.
बुधवार. गावचा बाजार मंगळवारचा. लगेच अक्काला फोन.
"तुना कॉम्प्युटर बाजार करस का रे, दिल्या?"
कॉम्प्युटर चुकत नाही, म्हटलं. मग ती, "बुधवार शे का? बरं."
जिंकलो. दुपारचं जेवण बरं गेलं.

१३ नोव्हें., गुरु.
सुनीलचा फोन. अक्काचा मुलगा, गावी तिच्याजवळच असतो. "मामा, बरं झालं तुम्ही सांगितलं. आम्हाला वाटायचं आईचं सगळं पाठ आहे." आता गॅस बंद केला का, तीनदा विचारते. या मंगळवारी बाजाराला गेली नाही. वार मला समजत नाही म्हणाली. पुढच्या आठवड्यात धुळ्याला डॉक्टरकडे नेणार आहे, विसरण्याचं दाखवायला.
गेल्या महिन्यात तिने मला माझ्या मुंजीतल्या आचाऱ्याचं नाव सांगितलं होतं.
चार बातम्या राहिल्या होत्या. केल्या.

१६ नोव्हें., रवि.
अक्काला बरं वाटेल असं काही सापडावं म्हणून वही पुन्हा उघडली. २२ च्या पुढचं पान उलटलं. इतक्या वर्षांत उलटलं नव्हतं.
"२३ जाने. केळी पुरवणी छपाईला सोडली. सावद्याच्या जाहिराती शेवटपर्यंत येत होत्या. दमलो."
२३ ला मी गावाला होतो. स्मशानात होतो. पुरवणी कुठून सोडली?
२४ पासून पानं कोरी.
वहीचं पहिलं पान पाहिलं. वर तारीख २ जानेवारी. खाली, "आज वर्षाचा पहिला दिवस. साहेबांनी पेढे दिले."

१७ नोव्हें., सोम.
सकाळपासून तेच. त्या काळी मी रोजनिशी ऑफिसातच लिहायचो, पानं सोडल्यावर. दिवसभर उद्याच्या अंकाची तारीख टाकून टाकून हात तिथेच बसलेला. वर उद्याची तारीख, खाली आजची हकीकत. पहिल्या पानापासून तसंच. कोणी वाचणार नव्हतं, मी तर नाहीच.
date -d "2003-01-22 -1 day" +%A
Tuesday.
दोनदा मारली. दोन्ही वेळा तेच.
मंगळवारी निरोप. बुधवारी पुरवणी. गुरुवारी बस. पुरवणी टाकून गेलो असतो तर कोणी अडवलं नसतं. मी विचारलंच नव्हतं.

१८ नोव्हें., मंगळ.
सुनीलला विचारलं, अक्का बाजाराला गेली का. नाही. भाजी तोच आणतो आता. डॉक्टरची वेळ शुक्रवारची.
फोन तिला द्यायला सांगितला नाही. अग्रलेखाच्या पानाचा मजकूर लावायचा होता. तो लावला.

१९ नोव्हें., बुध.
दुपारी केला फोन. अक्कानेच उचलला. आवाज सावध, परक्याशी बोलावं तसा. "कोण, दिलीप शे का?" दिल्या नाही.
म्हटलं, अक्का, मी चुकलो. मंगळवारच होता. तुझं बरोबर. तारीख मी चुकीची टाकली होती.
"माले बरं वाटावं म्हनीसन सांगी ऱ्हायना तू."
नाही गं. वही समोर आहे. तुझं डोकं ठीक आहे, सुनीलला दे, त्यालाही सांगतो.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केला, आवाज आला. परत आली.
"मंगयवार व्हता ना?"
हो.
"मंग बुधवारे तू काय करत व्हता, दिल्या?"
येऊन सांगतो म्हटलं. तिने फोन ठेवला नाही.