लातूरचा रवी

लातूर,
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

चि. अंजूस अप्पांचे आशीर्वाद.

इकडं आम्ही दोघं बरे आहोत. लग्नसराई लागल्यामुळं दुकानात रुखवताची भांडी घेणाऱ्यांची गर्दी आहे, दुपारी जेवायलाही उसंत मिळत नाही. थंडीनं अव्वाचे गुडघे धरलेत. नांदेडला नदीकाठची थंडी जास्त, सकाळी कॉलेजला शिकवायला जाताना कान बांधत जा. तुला ते आवडत नाही हे ठाऊक आहे, तरी लिहितो.

तुझे फोन येऊन गेले. मी घेतले नाहीत. अव्वानं घेतला तेव्हा मी अंघोळीला गेलोय म्हणून सांगायला लावलं. मी तिच्या समोरच बसलो होतो.

गेल्या आठवड्यात तुझे वडील दुकानात आले. चहा सांगितला तर नको म्हणाले. रामलिंगअप्पा चहा नको म्हणतात म्हणजे काहीतरी बिघडलंय हे मी ओळखलं. बराच वेळ स्टीलच्या डब्यांकडं बघत बसले आणि एकदम म्हणाले, "इवाई, पोरगी जेवत न्हाई. लग्न नको म्हणून राहिली. सुपारी फुटलेली हाय, अमरनाथच्या घरच्यांना काय सांगू? कारण इचारलं तर म्हणती, रेडिओवर किरणचं नाव ऐकलं. तिच्या डोक्यावर परिणाम झाला का काय, मला भ्या वाटालंय."

मी म्हणालो, पोरीच्या डोक्याला काही झालेलं नाही. तेवढंच म्हणालो. पुढचं आधी तुला सांगायला हवं होतं, आणि ते फोनवर जमलं नसतं.

तू ऐकलंस ते खरं होतं, अंजू. ते नाव मी घ्यायला लावत होतो.

किरणचा रविवार तुला मी काय सांगावा! नांदेडच्या रेल्वे ऑफिसातून शनिवारी तो घरी यायचा तो त्यासाठीच, असं अव्वा म्हणायची. लग्नानंतर तुम्ही दोघं यायचात. संध्याकाळ झाली की तो वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर ते रेडिओ स्टेशन लावायचा. परदेशातलं कुठलंसं लहान गाव, आठवड्यातून एकदा जुनी रॉक गाणी लावणारा तो म्हातारा निवेदक, आणि त्याला इथून रवी या नावानं फर्माईश पाठवणारा आपला किरण. म्हातारा "रॅवी फ्रॉम लाटूर" म्हणाला की हा वरून ओरडायचा, "अप्पा, आलं बघा आपल्या गावाचं नाव!" कार्यक्रम संपला की हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेल्या तबकड्यांतली एक काढायची, मलमलच्या फडक्यानं पुसायची, दोन्ही बाजू ऐकायच्या. तू खाली अव्वाजवळ पोळ्या लाटत असायचीस आणि तुझा पाय तालावर हलत असायचा. मी बघायचो.

मी एकदा त्याला म्हणालो होतो, "आरं, दुकानातली मांडणी कोसळली की असाच आवाज येतो." तो हसला. म्हणाला, "अप्पा, गाणाऱ्याला सोडा. गिटारलाबी सोडा. समद्यांच्या खालून एक जाडा आवाज चालत असतो, त्याचं बोट धरा." तेव्हा मी नाही धरलं. यंदा धरलं. खरंच असतो तो आवाज. बोलत नाही, नुसता बरोबर चालतो.

मग नांदेडच्या रस्त्यावरचं, लोह्याजवळचं ते वळण आलं. ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. लिहीत नाही.

किरण गेला, लिंगैक्य झाला, तेव्हापासून वरची खोली बंद होती. यंदाच्या उन्हाळ्यात संघपाल घरी आला. किरणचा शाळेतला दोस्त, कॉम्प्युटर दुरुस्त करतो तो. म्हणाला, "अप्पा, उन्हानं तबकड्या वाकतील, खोली जरा उघडत जा." त्यानंच कुलूप काढलं, तबकड्या सावलीच्या भिंतीला लावल्या, कॉम्प्युटर चालतो का ते बघितलं. रविवार होता. ते स्टेशन आपोआप लागलं. गाणं संपल्यावर म्हातारा बोलायला लागला आणि त्यात मला दोनच शब्द कळले. रॅवी. लाटूर.

"काय म्हणून राहिला?" मी विचारलं.

संघपाल खाली बघत म्हणाला, "लातूरच्या रवीचा लई दिवस झाले पत्ता न्हाई, तो बरा असंल अशी आशा हाय, असं म्हणालाय."

संघपाल गेल्यावर मी किरणच्या खुर्चीवर बसलो. त्याचं खातं उघडंच होतं. त्या म्हाताऱ्याला खरं कळवायचं म्हणून बसलो होतो. माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं, पण "माय सन" एवढं तर मला येतं. ते बोटातून उतरेना. एका बोटानं जे उतरलं ते असं, आय ॲम फाईन, प्ले एनी साँग.

थोड्या वेळानं म्हातारा हसला. मोठ्यानं हसला, अंजू. आपला माणूस सापडल्यावर हसतात तसा. मग रॅवी म्हणाला आणि गाणं लावलं. मागं बघितलं तर गुडघे दुखत असताना अव्वा जिना चढून आलेली. "त्याचंच नाव घेतलं न्हवं?" मी मान हलवून हाव म्हणालो.

त्यानंतर एक रविवार चुकला नाही. ती धुतलेलं लुगडं नेसून उंबऱ्याशी बसायची. गाणी तिला कळायची नाहीत, नाव ऐकलं की उठून खाली जायची. त्या दिवशी भाकरी जास्तीच्या करायची. सकाळी मी त्या गाईला घालायचो.

आठवड्यातला तेवढा वेळ त्या लांबच्या गावात आपला किरण जिवंत होता. तिथं कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. आपल्यामुळं कुणाचं काय बिघडतंय, असं वाटायचं मला. नांदेडला खोलीत एकटी बसून तूही ते ऐकत असशील, हे मनातसुद्धा आलं नाही. तू ते सगळं इथं ठेवून गेलीस असं मी धरून चाललो होतो. आणि नेमकं सुपारी फुटल्यावर तुझ्या कानावर ते नाव पडलं. त्या वेळी तुझं काय झालं असेल याचा विचार आला की पेन खाली ठेवावं लागतं.

काल रविवारी संघपालला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अप्पा, मला का न्हाई सांगितलं?" मी म्हणालो, तुला सांगितलं असतं तर मला बंद करावं लागलं असतं. मग त्यानं नीट इंग्रजीत लिहिलं की रवी आता नाही, इतके दिवस लिहीत होता तो त्याचा बाप होता, बापाला माफ करा.

म्हाताऱ्यानं ते वाचलं. वाचता वाचता त्याचा आवाज बसत गेला. मग काहीच ऐकू येईना, मला वाटलं लाईन गेली. मग तो चारदोन शब्द बोलला. संघपाल म्हणाला, "माफी नको म्हणतोय." त्यानंतर त्यानं एक तबकडी लावली आणि अख्खी बाजू संपेपर्यंत मध्ये एक शब्द बोलला नाही.

अव्वा उंबऱ्याशीच होती. "काय सांगितलंव त्याला?" तिनं विचारलं. संघपालनं सांगितलं. ती माझ्याकडं वळली.

"एकदा पुरला होता," ती म्हणाली. "आज तुमी पुन्हा पुरला. आता कोण नाव घ्यायचं त्याचं?"

काल संध्याकाळपासून ती माझ्याशी बोललेली नाही. सकाळी चहा आणून ठेवला आणि गेली. काल भाकरी दोघांपुरत्याच होत्या.

तर अंजू, रेडिओवर किरण नव्हता. तुला कुणी हाक मारली नाही, कुणी अडवलं नाही. एका बापाला आपलं पोर सोडवेना, इतकंच ते होतं. त्यापायी तू तुझं आयुष्य थांबवू नकोस. आज जेव. तुझ्या वडिलांना सांग की तारीख धरा. अक्षता टाकायला मी येणार. अव्वा येईल का, ते आज मला सांगता येत नाही. नाही आली तर तिच्यावर रुसू नकोस, ती तुझ्यावर रागावलेली नाही.

आणि गाणी ऐकावीशी वाटली तर ऐक. पण लपून ऐकू नकोस. अमरनाथरावांना सांग, माझे पहिले मालक हे ऐकायचे. माणूस चांगला असेल तर विचारील, कुठलं गाणं ते.

पत्र संपवायच्या आधी पाकिटावर तुझं नाव घातलं. लग्न ठरलेल्या मुलीच्या नावाआधी जे लिहितात ते लिहायला हात धजत नव्हता. शेवटी लिहिलं. चि. सौ. कां. अंजू. अक्षर जरा वाकडं आलंय, ते समजून घे.

तुझा
अप्पा