बाबांना इथपर्यंतच वाचून दाखव

आई, तुला आणि बाबांना जय भीम.

फोन तू स्पीकरवर ठेवतेस, म्हणून लिहितेय. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

मरोळच्या आमच्या लॅबमध्ये तारेऐवजी उजेडानं निरोप पाठवतात. एका पट्टीवर बारीक लेझर, समोरच्या पट्टीवर प्रत्येकाचा उजेड टिपणारा डोळा. पट्ट्या लांब नेल्या की उजेड पसरतो, शेजारच्या डोळ्यातही शिरतो. लेझर विरळ बसवले, तर सगळे मावत नाहीत. साहेबांना अंतरही हवंय आणि दाटीही. म्हणाले, "जमेपर्यंत सुट्टी विसर."

दार उघडलं तरी नेम हलतो, म्हणून आम्ही दिवसभर आत कोंडलेले. ताईच्या बाळानं मान धरली का गं?

काम जमलं की लगेच येते. बाबांना वाचून दाखवताना इथंच थांब.

पुढचं तुझ्यापुरतं. हे जमणारं नाहीये, आई.

तुझी,
विशाखा