चालू स्थितीतल्या दोन दारी जपानी गाडीबाबत

वकिलाने टाइप करून आणलेल्या कागदात 'एक जुने नादुरुस्त वाहन' असं लिहिलं होतं, म्हणून तो कागद मी त्याच्या देखत फाडला. नादुरुस्त कोण म्हणालं, असं विचारलं तर म्हणे तुमच्या थोरल्या मुलाने माहिती दिली. मी त्याला मागच्या शेडमध्ये नेलं आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. इंजिनावर पाण्याचा पेला ठेवला. पाण्यावर बारीक थरथर आली, थेंब सांडला नाही. वकील म्हणाला, "मावशी, नवा कागद करून आणतो." मी म्हटलं, राहू दे, आता मीच लिहिते.

तर आता रीतसर.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण तिसरी पास, धंदा घरकाम व मोटार दुरुस्ती (लोक पहिलाच लिहितात), कुणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारलं, मी सांगितलं. वर हेही सांगितलं की तुमच्या डोक्यावरच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय, महिन्याभरात अडकेल. त्यांनी आधी पंखा बंद केला आणि मग दाखला लिहिला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी दाखवलंच तर ते खोटं समजावं.

कलम एक, घर. तीन खोल्या आणि स्वयंपाकघर. थोरला आणि लेक, दोघांना अर्धं अर्धं. थोरला इथे राहतो, लेक परगावी राहते, म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही. "धाकटीला कशाला, तिला तिचं घर आहे," असं थोरला एकदा जेवताना म्हणाला होता. त्याला मी तेव्हाच विचारलं होतं की तुला कुठे रस्त्यावर ठेवलंय. बँकेतली शिल्लकही दोघांत सारखी. आकडा इथे लिहीत नाही, नाहीतर वाचणाऱ्याचे डोळे तिथेच अडकतील आणि पुढचं कुणी वाचणार नाही.

मागची पत्र्याची शेड आणि शेडपासून फाटकापर्यंतचा रस्ता यातून वेगळा काढला आहे. त्याचं खाली येईल.

कलम दोन, गाडी. हिच्यासाठीच एवढा कागद खर्ची घातला. सन १९७२ ची जपानी बनावटीची, लांब नाकाची, दोन दारांची, सहा सिलिंडरची, रंग मातट केशरी. १९८६ साली आमच्या ह्यांनी ती भंगारवाल्याकडून आणली, तेव्हा तिच्यावर मोडके फ्रीज रचलेले होते. मला न विचारता आणली. मी रागाने तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. हे बॉयलरच्या कारखान्यात रिव्हेट ठोकून ठोकून चाळिशीतच ठार बहिरे झालेले, त्यामुळे मी बोलत नाही हे त्यांना चौथ्या दिवशी कळलं.

उभी करायला चार वर्षं लागली. पत्रा, ब्रेक, गिअरबॉक्स, सगळं ह्यांनी हाताने केलं, ते श्रेय मी काढून घेत नाही. पण शेवटी काम अडलं ते कार्बोरेटरवर. हिला दोन कार्बोरेटर आहेत, एक पुढच्या तीन सिलिंडरांना आणि एक मागच्या तिन्हींना. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन लंगडतं. सारखी ओढतात की नाही हे कानाने कळतं, आणि कान ह्यांना नव्हते.

म्हणून मी. हातभर रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आत फुस्स असा आवाज येतो. पुढचा ऐकायचा, मागचा ऐकायचा, पुन्हा पुढचा. एक बोट वर केलं की हे स्क्रू आवळायचे, दोन बोटं की सैल, मूठ मिटली की थांबायचं. हे इंजिनाकडे बघतच नसत, माझ्या हाताकडे बघत. बघणाऱ्यांना वाटे, नवराबायकोचं काय प्रेम आहे. प्रेमबिम काही नव्हतं, मान अवघडायची. दर तीन महिन्यांनी, पंचवीस वर्षं, त्या गाडीचे कान मी होते.

आणि नाव कुणाचं झालं?

मोटारींच्या मासिकाचा एक फोटोवाला आला होता. मी नळी कानाला लावून उभी, हे स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाकलेले. फोटोवाला म्हणाला, "काकू, जरा बाजूला होता का?" झाले. मासिकात छापून आलं की कान नसलेल्या कारागिराने एकट्याने गाडी घडवली. फोटोत कडेने रबरी नळीचं एक टोक आत आलेलं आहे. कुणाचं ते लिहिलेलं नाही. थोरल्याने तो फोटो मोठा करून पुढच्या खोलीत लावला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "बाबांची गाडी, बाबांची गाडी" म्हणून दाखवतो. इतक्या वर्षांत एकाही पाहुण्याने विचारलं नाही की ही नळी कुठून आली.

कलम तीन. तो फोटो थोरल्याला, काचेसकट.

कलम चार, गाडीचे कागद. हे गेल्यावर गाडी माझ्या नावावर झाली. दोन्ही मुलांनी हरकत नसल्याची सही दिली. सही करताना थोरला हसला होता, "आई, त्या डब्यात बसून तुला कुठे जायचंय?" दोन वर्षांनी कुणीतरी त्याला मोबाइलवर दाखवलं की असल्या गाड्यांना आता काय भाव येतो. तेव्हापासून तिचा डबा म्हणून उल्लेख होत नाही, वडिलांची आठवण म्हणून होतो.

गेल्या महिन्यात पित्ताच्या खड्यांसाठी मी सहा दिवस दवाखान्यात होते. तेवढ्यात थोरल्याने गिऱ्हाईक बोलावलं. पांढऱ्या बुटांचा माणूस आहे, त्याच्याकडे म्हणे अकरा गाड्या आहेत, सगळ्या आच्छादनाखाली, एकही रस्त्यावर येत नाही. गाडी नीट दिसावी आणि नीट चालावी म्हणून थोरल्याने स्वतः हात घातला. प्रत्येक कार्बोरेटरच्या डोक्यावर एक काळी टोपी असते. ती काढली की आत बोटभर पातळ तेल असतं, त्यात एक दांडा खालीवर होतो. याने टोप्या उघडल्या, तेल कमी वाटलं, आणि गिअरबॉक्सचं चिकट तेल काठोकाठ भरलं. का, तर जाड तेल म्हणजे चांगलं तेल. बापाच्या हाताखाली एक दिवस उभा राहिला असता तर हे झालं नसतं. दांडे मधात माशी अडकावी तसे अडकले. गाडी खोकली, काळा धूर सोडला आणि फाटकातच बंद पडली. पांढरे बूटवाला म्हणाला म्हणे, काही हरकत नाही, मला चालवायची नाहीच, ठेवायची आहे.

हे मला थोरल्याने सांगितलं नाही. समोरच्या मास्तरांनी सांगितलं. ते तीस वर्षं आमच्या धुराची तक्रार करत आले आहेत, पण त्यांची स्कूटर बंद पडली की तुटलेल्या तारा घेऊन आमच्याच दारात येतात. गाडी फाटकातून मागे ढकलायला तेही होते, म्हणून त्यांना सगळं ठाऊक. त्यांना साक्षीदार केलं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असा कायदा आहे म्हणे. चांगला कायदा आहे.

घरी आले त्या दिवशी टाके ओले होते, तरी आधी शेडमध्ये गेले. मनात म्हटलं, आता आठवडाभर टोप्या धुवत बसा. किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली. अडखळली नाही. नळी लावली. पुढचा फुस्स आणि मागचा फुस्स, दोन्ही सारखे. मागचा केसभर जास्त ओढत होता, पण केसभरच. टोपी उघडून वास घेतला तर शिलाई मशीनच्या तेलाचा वास.

आमच्या घरात शिलाई मशीन एकीचंच आहे. थोरल्याची बायको, माझी सून, पुढच्या खोलीत बसून गावाचे कपडे शिवते. तिचं माझं बावीस वर्षांत धड पटलेलं नाही, आणि ते लपवून ठेवण्यासारखं नाही. ती मीठ कमी घालते आणि ऐकून घेत नाही. तिला शेडमध्ये बोलावलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"तुम्ही नव्हतात. आणि ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी आणखी कुणाला तरी बोलावलं असतं."

"मशीनचं तेल फार पातळ होतं त्याला."

"जाडापेक्षा बरं. जाड तेलाने मशीनची सुईपण अशीच अडकते."

नळी कुणी धरली आणि स्क्रू कुणी फिरवला, ते विचारलं. म्हणाली, नळी डोक्याला ओढणीने बांधली, हात मोकळे राहिले. जे करायला आम्हा दोघांना पंचवीस वर्षं एकमेकांची तोंडं बघावी लागली ते हिने एकटीने, ओढणी बांधून. बोटांच्या खुणांचीही गरज पडली नाही. हे तुला शिकवलं कुणी, असं मी विचारलं.

"खिडकीतून बघत होते, आई. बावीस वर्षं. तुम्ही कधी आत बोलावलं नाहीत."

हे मला लागलं. लागलं ते इथे लिहून ठेवते, तोंडाने सांगणार नाही. त्या फोटोवाल्याला इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्यातल्या निम्म्या मला परत घ्याव्या लागतात. निम्म्याच.

कलम पाच. म्हणून सदर गाडी, तिचे कागद, दोन्ही किल्ल्या, शेड, शेडपासून फाटकापर्यंतचा रस्ता, पाने, पक्कड, जॅक, रबरी नळी आणि खोक्यातले सगळे सुटे भाग सुनेला देते. थोरल्याला नाही, दोघांना मिळून नाही, 'मुलगा व सून' असं नाही. तिला एकटीला. रस्ता अशासाठी दिला की शेड तुझी पण फाटक माझं, असला शहाणपणा कुणी करू नये.

तिच्यासाठी सूचना. टोप्यांमध्ये इंजिनाचं पातळ तेल घाल, मशीनचं नको. आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढ, नुसती जागेवर चालू करून ठेवू नकोस. थंड इंजिन रेटायचं नाही. मागचा कार्बोरेटर केसभर सैल कर. प्लॅस्टिकचं आच्छादन घालू नकोस, खाली पाणी धरतं आणि पत्रा सडतो. डाव्या दाराचं कुलूप आतून उघडत नाही, ते मुद्दाम तसंच ठेवलंय, कारण दुरुस्त करायचा मला कंटाळा आला.

तिने गाडी विकायचीच नाही असली अट मी घालत नाही. शिवणाचं काम वाढलं, गुडघे गेले, कंटाळा आला, तर तिने खुशाल विकावी. पांढऱ्या बुटांच्या माणसाला विकली तरी मी भूत होऊन येणार नाही. पण ते ती ठरवेल. वस्तू ज्याची त्याने ठरवायचं, एवढी साधी गोष्ट या घरात समजावून सांगायला मला मरावं लागतंय.

कलम सहा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी लेकीने करावी. ती कोर्टात टायपिस्ट आहे, कागदाला घाबरत नाही आणि भावाला त्याहून नाही.

कलम सात. थोरला म्हणेल की आईचे कान कुणीतरी भरले. कान भरायला माझ्याजवळ कुणी येत नाही हे त्याला चांगलं माहीत आहे. तो म्हणेल की मुलगा असताना सुनेला का. त्याचं उत्तर वर दिलं आहे, तेवढंच आहे. वाईट मुलगा नाही तो. माझ्या औषधाच्या गोळ्या तोच वेळेवर आणून देतो, दवाखान्यात सहाही रात्री खुर्चीवर तोच बसला होता. पण त्याला वाटतं की घरातली प्रत्येक वस्तू शेवटी त्याच्याकडे येऊन थांबते, आणि तसं वाटण्यात अर्धी चूक माझी आहे.

हे सगळं मी लिहिलं, वाचलं, दोन ठिकाणी खोडलं, खोडलं तिथे सही केली. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं आणि मी त्यांना.

ठिकाण: माझ्या घरामागची शेड.
तारीख: १४ मार्च २०१९, गुरुवार.

सही: माझी, बँकेत आहे तशीच.

साक्षीदार पहिले: समोरचे निवृत्त मास्तर. सही केली, शुद्धलेखनाच्या नऊ चुका काढल्या, त्या तशाच ठेवल्या आहेत.

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा टायरवाला. सही केली. बोटांना काजळी होती म्हणून खाली ठसाही उमटला आहे, तो आपोआप आलेला आहे, वेगळा समजू नये.

सहीखाली एक आज्ञा वाढवते, दोन्ही साक्षीदारांनी पुन्हा सही केली आहे. माझ्यामागे पांढऱ्या बुटांच्या माणसाचा फोन येईल, आणि तो थोरल्याच्या मोबाइलवरच येईल, कारण नंबर त्याचाच दिलेला आहे. थोरल्याने फोन उचलावा. गाडीचं नाव निघालं की पुढे एक अक्षर बोलू नये, 'बघतो' नाही, 'विचारून सांगतो' तर नाहीच. बायकोचं मशीन थांबेपर्यंत तिच्यासमोर उभं राहावं आणि फोन तिच्या हातात द्यावा. काय ते उत्तर ती देईल.