इफ, विल आणि पायलीभर रोडगे

६ जानेवारी १९७४, रविवार
नवी वही. आजपासून रोज लिहायचं. मुंबईच्या ऑफिसात असिस्टंट स्टोअर्स ऑफिसरची जागा निघाली आहे. महिनाअखेर साहेब लोक इथेच येऊन इंटरव्ह्यू घेणार. इंग्रजीत.
खापरखेड्याच्या पॉवर हाउसच्या स्टोअरमध्ये माझं अर्धं आयुष्य गेलं. कोणतं बेअरिंग कोणत्या रॅकवर, डोळे मिटून सांगतो. फक्त इंग्रजीत सांगत नाही. आमच्या गावच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर एकदाच आले, आणि पाणी मानवलं नाही म्हणून बदली करून गेले.
निश्चय: पहाटे उठून अभ्यास. कॉलनीतल्या मारुतीपुढे नवस बोललो, पोस्ट मिळाली तर तंबाखू सोडीन. पंचफुलाला सांगितलं नाही. बायको झाली तरी नवस फेडेपर्यंत सांगायचा नसतो, आमच्याकडची रीत आहे.

७ जानेवारी
पहाटे फार थंडी. अभ्यास संध्याकाळी करावा हे बरं.
संध्याकाळी लाइट गेले. पॉवर हाउसच्या कॉलनीत लाइट जातात, याला काय म्हणावं!

१३ जानेवारी, रविवार
बसने नागपूर, महाल भागात वामनराव मास्तरांकडे. ते इंग्रजीचे रिटायर्ड मास्तर. म्हणाले, चंपतराव, साहेब हमखास विचारणार, असं झालं तर काय कराल? तेव्हा तुम्ही 'इफ'ची वाक्यं पक्की करा. तीन प्रकार आहेत. पहिला, होण्यासारखं असेल त्याचा. दुसरा, होण्यासारखं नाही पण मनात येतं त्याचा. तिसरा, व्हायचं होतं आणि राहून गेलं त्याचा.
मी म्हणालो, मास्तर, पहिलाच शिकवा. तिसऱ्याचं मला काय काम? मास्तर चष्म्यावरून बघत राहिले. माझा कॉन्फिडन्स आवडला असावा.

१४ जानेवारी, संक्रांत
मागच्या अंगणात वांग्यांना पाणी घालता घालता प्रॅक्टिस. इफ इट रेन्स, आय विल टेक अंब्रेला. इफ आय गेट द पोस्ट, आय विल गो टु बॉम्बे. कुंपणापलीकडून शालिकराम (शेजारी, आमच्याच सेक्शनचा) म्हणाला, काहून गा चंपतराव, वांग्यायले इंग्रजी शिकवून राहिला का? मी म्हणालो, मुंबईत असं कुंपणावरून बोलत नाहीत. तो म्हणाला, मंग कोणाशी बोलशीन गा तिथं? हा लहान विचारांचा माणूस आहे.
तिळगूळ जास्त खाल्ला. अभ्यास उद्या.

१७ जानेवारी
चैन नाही. पुस्तक उघडलं की पाणी प्यावंसं वाटतं, पाणी प्यालो की अंगणात जावंसं वाटतं. अंगणात गेलो की वाटतं, आत पुस्तक उघडं पडलंय.
पंचफुला म्हणाली, अवो, आपली मनकर्णा फागुनात बाळंतपणाले येऊन राहिली, पयलं हाय पोरीचं, तुमी मुंबईले गेल्यावर मी काय करू? मी म्हणालो, मुंबईत मोठे दवाखाने आहेत. ती म्हणाली, अन राहाची खोली? केवढी? मी म्हणालो, ते ऑफिस बघतं. ती गहू निवडत बसली. बायकांना प्रगती समजायला वेळ लागतो.

१९ जानेवारी, शनिवार
आज मनाला फार उभारी. देवळात गेलो तर पंचफुला मारुतीपुढे हात जोडून उभी. ओठ हलत होते. पुजारी रामाजी म्हणाले, बाईनं पायलीभर गव्हाच्या रोडग्याचा नवस बोललाय. कशासाठी, ते त्यांनीही विचारलं नाही. विचारायचं नसतंच. पण मला कळायचं ते कळलं. वरून कुरकुरते, आतून माझ्या पोस्टसाठी पायलीभराचा नवस! मी फक्त तंबाखू बोललो होतो. थोडी लाज वाटली.
संध्याकाळी तिला म्हणालो, तुझा देव ऐकेल. ती दचकली. म्हणाली, तुमाले कोणं सांगितलं? मी नुसता हसलो.

२५ जानेवारी
पहिला प्रकार जवळजवळ पाठ. 'इफ'च्या मागे 'विल' लावायचं नाही, ते पुढच्या तुकड्यात. चुकतं अधूनमधून. साहेब एवढं बारीक बघत नसतील.
तंबाखू सोडायचीच आहे, म्हणून सध्या थोडी जास्त खातो.

२९ जानेवारी, मंगळवार
इंटरव्ह्यू झाला. उत्तम झाला असं म्हणायला हरकत नाही.
तीन साहेब. मधले टाय लावलेले. पहिला प्रश्न, मुंबईला का यायचं? मी म्हणालो, इफ यू विल गिव्ह पोस्ट, आय विल कम. इफ यू विल नॉट गिव्ह, आय विल नॉट कम. तिघेही हसले. वातावरण एकदम मोकळं झालं.
मग त्यांनी विचारलं, ऑइल स्टोअरला आग लागली तर? हे मला येतं. दोनदा लागली, दोनदा मीच विझवली. पाणी मारायचं नाही, वाळूच्या बादल्या, मागचं दार आधी बंद. पण वाळूच्या बादल्या इंग्रजीत येईनात. तोंडातून निघालं, इफ फायर कम्स, आय विल रिमेंबर मारुती.
टायवाले म्हणाले, अहो, मराठीत सांगितलं तरी चालेल. पण एवढा अभ्यास केल्यावर मराठीत सांगणं मला बरं दिसेना. मी म्हणालो, नो सर, इंग्लिश. त्यांनी कागदावर बराच वेळ काही लिहिलं. नापास माणसाबद्दल कोण एवढं लिहितं?

३ फेब्रुवारी
निकाल नाही. जेवण जात नाही. अंगणात फेऱ्या.
नागपूरला लकडगंजात जाऊन एक ट्रंक बघून आलो. घेतली नाही. मग परत गेलो आणि घेतली.
पंचफुलाने ट्रंक पाहिली, पदराने पुसली आणि त्यात मनकर्णाच्या बाळासाठी शिवलेल्या गोधड्या ठेवल्या. म्हटलं, ठेव, मुंबईला तशाच जातील.

७ फेब्रुवारी, गुरुवार
आजपासून तीन दिवस कॅज्युअल लीव्ह. ऑफिसात सगळे मराठीत बोलतात, जीभ बिघडते.

८ फेब्रुवारी, शुक्रवार
झालं!
दुपारी नदीकडे प्रॅक्टिस करत फिरून आलो तर पंचफुला परातीत रोडग्यांचं जाडं पीठ काढून बसलेली. चेहरा उजळलेला, पण माझ्याकडे बघेना. म्हणाली, नवस पावला. उद्या शनिवार हाय, रोडगे करून टाकू. मी विचारलं, कोणी सांगितलं? म्हणाली, शालिकरामभाऊ येऊन गेले. मी विचारलं, नवस काय होता ते आता तरी सांग. म्हणाली, फेडल्याबिगर नाही सांगत.
कुंपणाशी जाऊन शालिकरामला म्हटलं, सगळ्या सेक्शनला जेवायला सांग. तो म्हणाला, वहिनीनं सांगितलं ना तुले? मी म्हणालो, हो. तो म्हणाला, मोठ्या मनाचा हायेस गा. त्याचे डोळे ओले झाले. मी त्याला लहान विचारांचा म्हणालो होतो, ते शब्द मागे घेतो.

९ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ
रोडग्यांचे गोळे भाजायला देवळामागे गोवऱ्या रचल्या. वांगी आपल्याच अंगणातली. ज्याच्यासाठी नवस, त्याच्या हातून नारळ फुटायचा असतो. मीच फोडला. एका घावात. रामाजी म्हणाले, शुभ आहे.

तोच दिवस, संध्याकाळ
सगळं लिहून टाकतो.
पंगत बसली. मी उभा राहून म्हणालो, इफ यू कम टु बॉम्बे, यू विल स्टे इन माय हाउस. कोणी हसलं नाही. सगळे वरणात बघत होते. शालिकराम मला देवळाच्या पायरीशी घेऊन गेला. म्हणाला, चंपतराव, लिस्ट गुरुवारीच लागली गा बोर्डावर. तुयं नाव नाही. मले वाटलं वहिनी बोलली.
परत येऊन पानावर बसलो. कुठे जाणार? भूकही लागली होती. पंचफुलाने रोडगा फोडून त्यात तूप घातलं. मी हळूच विचारलं, नवस काय बोलली होतीस?
ती तूप घालतच राहिली. म्हणाली, म्हटलं, देवा, ह्यांचं मुंबईचं नोको होऊ देऊ, पोरीचं पयलं बाळंतपण माह्या दारात होऊ दे, पायलीचे रोडगे करीन. मग म्हणाली, रागावले का जी?
स्वतःच्या नापासाचा नारळ मी स्वतः फोडला होता, तोही एका घावात. आणि रोडगे चांगले भाजले होते. तीन खाल्ले.
आता घरी बसून विचार करतोय. महिनाभर मी 'इफ' घोकला. ती एकदाच बोलली, मराठीत, उभ्या उभ्या. मारुतीला लगेच समजलं.
वामनराव मास्तरांचा तिसरा प्रकार आता शिकायला हरकत नाही. पण तो येतोच आहे, न शिकता. हात धुतल्यापासून डोक्यात तोच चालू आहे.
ट्रंक गोधड्यांना बरी झाली.
माझा नवस मात्र साफ होता. पोस्ट मिळाली तर तंबाखू सोडीन. मिळाली नाही. म्हणजे सोडायची नाही. देवाशी बोललेला शब्द मोडणं बरं नव्हे.
डबी कुठे ठेवली ते पंचफुलाला विचारलं. तिने आधीच काढून ठेवली होती, चुन्यासकट.